रोजची दहा वाक्यं

धाकटीचं लग्न झालं आणि तिसऱ्याच आठवड्यात नवरा परदेशी परत गेला. त्याची नोकरी तिकडची होती, एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात, आलेल्या-गेलेल्या मालाचा मेळ बसवायची. धाकटीने मागाहून जायचं ठरलं होतं. पण तिकडच्या सरकारचा नियम असा, की बायकोला आणायचं तर आधी तिने इंग्रजीची परीक्षा पास व्हायची, बोलण्याची आणि लिहिण्याची.

बोलण्याचं तिला फारसं भय नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, कानामागच्या दांड्या गरम करून बेताच्या वाकवायच्या, आणि कुणी इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक आलंच तर चार वाक्यांत निभावून न्यायचं, एवढं तिला जमायचं. लिहायचं म्हटलं की मात्र तिची गाडी अडायची. शाळेत ती इंग्रजीचा निबंध पाठ करून जायची. पेपरात गाय आली तरी तिच्या हातून पाठ केलेला घोडाच उतरायचा.

"त्यात काय एवढं?" नवरा फोनवर म्हणाला. "मी शिकवतो. रोज दहा वाक्यं लिहायची आणि मला मेल करायची. मी तपासून परत पाठवीन."

"दहा? अहो, मला दोन सुचली तरी खूप झालं."

"सुचायला काही नको. काल काय काय केलंस ते लिही. साधा भूतकाळ. नुसतं आठवायचं."

धाकटी दुपारी दुकानात गर्दी नसताना काउंटरमागे बसून लिहायला लागली. मी सात वाजता उठले. मी आंघोळ केली. मी बस पकडली. संध्याकाळी वाक्यं परत यायची, लाल अक्षरांत सुधारलेली, आणि खाली "शाब्बास" लिहिलेलं. तो चिडायचा नाही. एकच चूक पाचदा केली तरी पाचदा समजावून सांगायचा. एकदा म्हणाला, "बघ, इंग्रजी किती सोपी. तू, तुम्ही, आपण, काही भानगडच नाही. सगळ्यांना एकच यू." तिला हसू आलं. लग्नानंतर तीन आठवड्यांत ज्या माणसाशी धड बोलणंही झालं नव्हतं, त्याच्याशी अशी रोज गाठ पडते याचं तिला बरं वाटायचं.

आई म्हणाली, "नशीब काढलंस गं." दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "परदेशात बसून बायकोला शिकवतो! आमचे हे एका सोफ्यावर बसून टीव्हीचा रिमोट कुठंय ते सांगत नाहीत."

सासरी ती आणि सासूबाई दोघीच असत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई स्वभावाने गरीब, बोलणं कमी. त्यांची एक सवय मात्र धाकटीला गमतीची वाटायची. त्या जागेवरून उठल्या की मोठ्याने सांगायच्या. "पाणी घ्यायला जातेय हं." "जरा गॅलरीत जाऊन येते, कपडे काढायला." खोलीत कुणी असो वा नसो. एकदा धाकटी दुकानातून लवकर आली, तर दाराबाहेरूनच आवाज ऐकू आला, "आत जाऊन पडते जरा." घरात दुसरं कुणीच नव्हतं. म्हातारपणी माणसं स्वतःशी बोलतात, तसंच काहीतरी असेल, असं तिला वाटलं.

महिनाभराने धडा पुढे सरकला. 'अ' आणि 'द' कुठे वापरायचं ते आलं. आपल्या भाषेत असलं काही नाही, त्यामुळे धाकटीची तारांबळ उडायची. तिने लिहिलं, मी द मार्केटला गेले. लाल अक्षरांत उत्तर आलं, "'द' कधी येतं? लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही जे माहीत आहे त्याच्याआधी. कुठलं मार्केट ते मला माहीत नाही. नाव लिही."

तिने नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, अ मॅन दुकानात आला आणि आम्ही हसलो. उत्तर आलं, "'अ' म्हणजे अनोळखी. हा माणूस अनोळखी आहे का?"

तिने खरं ते लिहिलं. काचांच्या कंपनीचा माणूस, दर आठवड्याला माल द्यायला येतो, त्याने त्याच्या मुलाची काहीतरी गंमत सांगितली.

"म्हणजे अनोळखी नाही," उत्तर आलं. "मग 'अ' का लिहिलंस?"

धाकटी त्या ओळीकडे बघत बसली. व्याकरण असतंच काटेकोर, तिने मनाशी म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात काचांची खोकी आली तेव्हा ती मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि माल मालकीणबाईंनी उतरवून घेतला. त्या दिवशी लिहायच्या दहा वाक्यांत त्या माणसाचं नाव आलं नाही, याचं तिला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं, याचंच मग तिला कसंतरी झालं.

त्यानंतर आलं दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगणं. "परीक्षेत हमखास विचारतात," नवरा म्हणाला. "तू आणि आई फोनवर काय बोललात ते लिही. त्या काय म्हणाल्या, तू काय म्हणालीस."

आईचा फोन आदल्या दिवशीच झाला होता. आई बोलता बोलता म्हणाली होती, तिकडे गेलीस आणि मन रमलं नाही तर सरळ निघून ये, लोकांचं काय एवढं मनावर घ्यायचं. धाकटीने ते वाक्य फार मेहनतीने जुळवलं. काळ मागे सरकवला, 'इकडे'चं 'तिकडे' केलं, 'तू'चं 'मी' केलं. दहापैकी दहा बरोबर आली. तिने मालकीणबाईंना मोबाइल दाखवला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"जावईबापूंचा फोन आला होता."

"हो? काय म्हणाले?"

"गोडच बोलले. म्हणाले, आई, तुम्ही तिला परत यायचा रस्ता आधीच दाखवून ठेवला तर तिचं मन लागणार कसं?" मग आईने विचारलं, "तू त्यांना सगळं सांगतेस का गं?"

"अभ्यास म्हणून लिहिलं होतं."

"बरं बरं. अभ्यास कर." मग आई म्हणाली, "आवाज चढवला नाही हो त्यांनी. पण फोन ठेवला तेव्हा माझे हात गार पडले होते, काय की."

त्यानंतर मायलेकींचं फोनवरचं बोलणं हवापाण्यावर आलं. जेवलीस का, ऊन फार आहे, खोकला कसा आहे. लिहायला सोपं.

आठवड्यातून दोन संध्याकाळी धाकटी इंग्रजीच्या क्लासला जायची. फोटोकॉपीच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली होती. खालच्या मशीनची घरघर फरशीतून पायांना जाणवायची. क्लासच्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि जिभेला हाड नाही. तक्रार अर्ज, रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज, पोच, माफीपत्र असं रोजच्या कामाचं लिखाण त्या घोटवून घ्यायच्या. शेजारच्या बाकावर एक बसड्रायव्हर बसायचे. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांचं प्रत्येक क्रियापद 'चालू' असायचं. "माय वाइफ इज नोइंग एव्हरीथिंग," ते म्हणायचे आणि बाई कपाळावर हात मारायच्या. "अहो काका, बायकोला कळणं चालू नसतं, ते कायमचं असतं!"

एकदा क्लास सुटल्यावर बाईंनी धाकटीला थांबवलं. "तुझी प्रगती भलतीच जोरात आहे. घरी कोण शिकवतं?"

धाकटीने अभिमानाने मोबाइल पुढे केला. बाईंनी चष्मा लावला आणि एकेक मेल वाचत गेल्या. अ आणि द. कुठलं मार्केट. कुणाबरोबर. आई काय म्हणाली. दुकानाचं दार किती वाजता बंद झालं आणि बस किती वाजता मिळाली. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"व्याकरण बिनचूक आहे तुझ्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "पण पोरी, ही तपासणी नाही. ही उलटतपासणी आहे."

धाकटीला राग आला. "ते लांब आहेत म्हणून काळजीने विचारतात, बाई."

"असेल." बाईंनी मोबाइल परत दिला. "चल, समोर कॉफी घेऊ. मी पाजते."

दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या कॉफी प्यायल्या. बाईंनी तिला त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली. साहेबाला लिहिलेल्या अर्जात त्यांनी 'विनम्र'च्या जागी चुकून 'विधवा' असा अर्थ होणारा शब्द टाकला होता, आणि ऑफिसने वर्गणी काढून त्यांच्या धडधाकट नवऱ्याच्या फोटोसाठी हार आणला होता. धाकटी इतकी हसली की कॉफी नाकात गेली. घरी जाताना तिने ठरवलं, हे काही लिहायचं नाही. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तेवढं आपल्यापाशी ठेवावं असं वाटलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दहा वाक्यं गेली. उत्तरात लाल खूण एकही नव्हती. खाली लिहिलं होतं, "आता नवा काळ शिकू. एक गोष्ट घडायच्या आधीच दुसरी घडून गेली होती, असं सांगायचं असेल तर 'हॅड' वापरतात. वाक्य पूर्ण कर. बिफोर आय रीच्ड होम, आय हॅड..."

पुढे जागा रिकामी होती.

धाकटीने मोबाइल पालथा ठेवला. स्वयंपाकघरात सासूबाई मटार सोलत होत्या. तिला सगळं लख्ख समजलं. तो त्यांनाही रोज फोन करायचा. सून किती वाजता आली, हे त्यांनी सांगितलं असणार.

तिने कॉफीचं लिहिलं. बाईंचं लिहिलं. हाराची गोष्टही लिहिली, आणि इंग्रजीत उतरल्यावर ती अजिबात हसू येण्यासारखी राहिली नाही.

पुढचा धडा जर-तरचा होता. त्याने अर्धी वाक्यं पाठवली होती, अर्धी तिने पुरी करायची होती. मी घरी उशिरा आले, तर. मी परवानगीशिवाय बाहेर गेले, तर. मी काही लपवलं, तर.

शेवटच्या वाक्यापुढे धाकटीने बराच विचार करून लिहिलं, तर माझा नवरा दुःखी होईल.

उत्तर आलं. 'दुःखी'वर काट होती. बाजूला लिहिलं होतं, "दुःखी नाही. परत विचार कर."

त्या दुपारी ती दुकानात गेली नाही. सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसली आणि मटार सोलायला लागली. दाणे वाटीबाहेर उडत होते.

"काय म्हणतो?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटीने ते वाक्य त्यांना आपल्या भाषेत सांगितलं. अर्धं, जसं होतं तसं, आणि वरची काटही सांगितली. सासूबाई बराच वेळ एकाच शेंगेची शीर काढत राहिल्या, शीर निघून गेली तरी.

"त्याचे वडीलही असंच विचारायचे," त्या म्हणाल्या. "आपल्याच भाषेत. कुठे गेली होतीस, कुणाशी बोललीस, इकडून तिकडे जायला इतका वेळ का लागला. सांगायला उशीर झाला की मग..." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणून मी आधीच सांगायला लागले. उठायच्या आधी सांगायचं. बसायच्या आधी सांगायचं. विचारायला जागाच ठेवायची नाही. ते गेले, पण जिभेचं वळण काही जाईना."

धाकटीला त्या दिवशी दाराबाहेरून ऐकलेला आवाज आठवला. "आणि हे? हे तेव्हा लहान असतील."

"तो दारात उभा असायचा. मी काय सांगते ते ऐकत. आणि मी काही विसरले, तर तो आठवण करून द्यायचा."

धाकटीने बाहेर उडालेले दाणे वेचून वाटीत टाकले. मग धाकटी म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना माझं सगळं नाही सांगितलं तर?"

"मला खोटं बोलता येत नाही गं. त्याने विचारलं की तोंडातून आपोआप बाहेर येतं. येऊ नये असं वाटतं, तरी येतं."

परीक्षेचा दिवस आला. एका गार खोलीत ओळीने कॉम्प्युटर मांडलेले, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, मागे एक बाई आवाज न करता फिरत होती. बोलण्याचा भाग धाकटीने नीट केला. लिखाणाचा पडद्यावर आला. मैत्रिणीने घरी बोलावलं आहे, तुम्हाला जाता येत नाही, कारण सांगून पत्र लिहा.

धाकटीने नापास व्हायचं ठरवलं होतं. कुणाला बोलली नव्हती. पास झालं की कागद तयार होणार, कागद झाले की तिकीट येणार, आणि विमान उतरलं की त्या रिकाम्या जागा समोरासमोर भराव्या लागणार. पण चूक करणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. बोटं आपणहून बरोबर जागी 'द' टाकायची. काळ आपोआप जुळून यायचा. ती एक वाक्य लिहायची आणि मग ते मोडायची, क्रियापद उपटून भलतीकडे लावायची. 'आय कान्ट कम' पुसून तिने 'आय ॲम नॉट कमिंग यस्टर्डे' केलं. ड्रायव्हरकाकांची आठवण येऊन तिला हसू फुटलं, आणि मागे फिरणारी बाई थांबून तिच्याकडे बघायला लागली.

निकाल लागला त्या संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"बोलण्यात पास," तो म्हणाला. "लिखाणात नापास."

"घाबरले मी. काही सुचेना."

त्याने पडद्याजवळ तोंड आणलं. "तुझी वाक्यं मी रोज वाचतो. इतक्या चुका तू करत नाहीस. इतक्या चुका ठरवूनच होतात."

"खरंच हो, हात कापत होते."

"असू दे." त्याचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. "चूक माझीच आहे. लांबून नाही होत हे. मी रजा टाकलीये, येतोय. समोर बसवून पक्कं करून घेतो."

त्याच्याआधी सामान आलं. दोन कामगार जिना चढून एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पांढरा फळा घेऊन आले. फळा झोपायच्या खोलीत, पलंगाच्या समोर लावायचा होता. नवरा व्हिडिओ कॉलवर होता आणि धाकटी मोबाइल धरून उभी होती. "थोडा डावीकडे. हां. टेबल खिडकीपाशी नको, लक्ष बाहेर जातं. भिंतीकडे तोंड करून ठेवा." ड्रिल मशीन सुरू झालं, चुन्याची भुकटी उशीवर पडली. "वहिनी, ट्यूशन काढताय का?" एका कामगाराने हसत विचारलं. पडद्यातून नवऱ्यानेच उत्तर दिलं. "हो. एकाच विद्यार्थ्याची."

माणसं गेल्यावर सासूबाई खोलीच्या दारात आल्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

"मला काही सांगून जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू कुठे जाणार, कधी जाणार, मला काही बोलू नकोस. मला माहीत नसलं, तर माझ्या तोंडून येणार नाही." एवढं बोलून त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या, पहिल्यांदाच काही न सांगता.

धाकटी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी डबा घेऊन निघाली. पर्समध्ये कागदपत्रं आणि दोन कपडे, बाकी सगळं मागे ठेवलं. दुकानाच्या थांब्यावर न उतरता ती तशीच बसून राहिली, शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत. आईने दार उघडलं, पर्सकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली.

तो परदेशातून आला त्याच्या तिसऱ्या दिवशी धाकटीच्या माहेरी पोचला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग. आईच्या पाया पडला. बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसला आणि टेबलावरची वर्तमानपत्रं कडेला कडा लावून सारखी केली.

"आई, गैरसमज झालाय थोडा," तो म्हणाला. "तिचं इंग्रजी जरा कच्चं राहिलंय, एवढंच. मी घेऊन जातो."

धाकटी आतून येऊन दारात उभी राहिली. "मी येणार नाही."

"बस ना. उभ्याने काय बोलतेस?"

"मी चुकून नापास झाले नाही. मी नापास झाले, कारण मला व्हायचं होतं. तू तिथून ओळखलंस ते बरोबर होतं."

'तू' ऐकून आईने चमकून वर पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. तो उठला, दोन पावलं पुढे आला आणि त्याने धाकटीचं मनगट धरलं. झटका नाही, आरडाओरडा नाही. नुसतं धरलं आणि दाबत गेला. "चल," तो म्हणाला, अगदी हळू. "घरी जाऊन वाक्य दुरुस्त करू."

 धाकटीची बोटं बधिर होत होती. तिला वाटलं, आता आपण जाणार. पाय उचलला जाणार आणि आपण जाणार.

आई खुर्चीवरून उठली. ती त्याच्याकडे गेलीच नाही. तिने पुढचं दार सताड उघडलं, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि जिन्यात तोंड काढून ठणठणीत आवाजात हाका मारायला सुरुवात केली. "अहो काकू! या हो चहाला, जावई आलेत आमचे! ताई, पोरांना घेऊन ये गं! अहो भाऊ, तुम्हीही या, परदेशातून आलेत, बघायला या!"

दारं उघडली. शेजारच्या काकू ओल्या हाताने आल्या. वरच्या मजल्यावरची ताई कडेवरचं मूल घेऊन आली. भाऊ बनियनवर शर्ट चढवत आले. त्यांच्या मागे आणखी कोण कोण. पाहता पाहता खोली भरली. सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. तिकडे थंडी किती असते हो? पगार कसा? विमानात झोप लागते का? त्याला मनगट सोडावंच लागलं. तो चारचौघांत वागायला चुकणारा माणूस नव्हता. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, भाऊंच्या हातून चहाचा कप घेतला, थंडीविषयी सांगितलं. आई गाळणं हातात घेऊन दारात उभी होती आणि ते तिने उलटं धरलं होतं, हे फक्त धाकटीला दिसत होतं.

चहा संपला तसा तो उठला. "येतो," सगळ्यांना म्हणाला. धाकटीच्या जवळून जाताना थांबला. "थकलीयेस तू. मी थांबतो."

तो खरंच थांबला. रजा असेपर्यंत रोज संध्याकाळी चष्म्याच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभा असायचा. आत आला नाही, कुणाला काही बोलला नाही. मालकीणबाईंनी पोलिसांना सांगितलं. पोलीस येऊन बघून गेले. रस्त्यावर उभं राहायला बंदी नाही म्हणाले, पण तक्रार लिहून घेतली. ड्रायव्हरकाकांनी आपली पाळी बदलून घेतली आणि रोज दुकानासमोर बस थांबवायला लागले, थांबा जरा पुढे असूनही. "आय ॲम स्टॉपिंग," ते धाकटीला म्हणाले, आणि त्या एका वेळी त्यांचं वाक्य बरोबर होतं.

मग एके दिवशी फुटपाथ रिकामा दिसला. रजा संपली होती. वेगळं होण्यासाठी धाकटीने वकिलाकरवी अर्ज केला. मेलचा पत्ता बदलला. क्लासला ती परत जायला लागली. दुकानात चुकीच्या नंबरच्या काचा आल्या तेव्हा परदेशी कंपनीला तक्रार तिनेच लिहिली, आणि कंपनीने माफी मागून नव्या काचा पाठवल्या. मालकीणबाईंनी ते उत्तर छापून काउंटरच्या काचेखाली लावलं.

पावसाळा संपता संपता सासूबाईंचा फोन आला. त्या एरवी कधी फोन करत नसत.

"तुझ्याकडे काही आलंय का त्याचं?"

"नाही. का?"

"महिना झाला, मला फोन नाही. एक दिवस चुकवायचा नाही तो. मी लावते तर लागत नाही." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तुला तिकडच्या ऑफिसात विचारता येईल का? मला ती भाषा येत नाही."

धाकटी काउंटरमागे बसली आणि तिने त्या गोदामाच्या ऑफिसला मेल लिहिला. विषय, मजकूर, आपण कोण, काय हवंय, आभार. बाईंनी शिकवलेलं तसं, आखीव. एकही चूक नव्हती. उत्तर दोन दिवसांनी आलं, तीन ओळींचं. ही व्यक्ती आता आमच्याकडे काम करत नाही. मागच्या महिन्यात राजीनामा दिला. पुढचा पत्ता ठेवलेला नाही.

प्रत्येक शब्द तिला समजला. कुठेही अडलं नाही.

तिने मोबाइल मालकीणबाईंपुढे धरला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि काचेच्या दारातून बाहेर बघितलं. ऑफिसं सुटायची वेळ होती. फुटपाथवर माणसांची रीघ लागली होती, आणि दुकानावरून जाताना त्यातले बरेच जण काचेत डोकावत होते, मांडलेले चष्मे बघायला.

"आज माझ्याबरोबर निघ," मालकीणबाई म्हणाल्या. "मागच्या दाराने."

धाकटीने आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली.